डबूरावांनी मान हलवली

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटले? आता उघडा, नाहीतर पुढचे वाचणार कसे? डोळे उघडे ठेवूनच कल्पना करायची आहे. सुरुवातीला अवघड जाते, मग सवय होते.

कल्पना करा, वैशाखऱ्याला माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक शाळा आहे. शाळेच्या ओट्यावर एक गृहस्थ उभे आहेत. त्यांचे पोट म्हणजे तेलाचा रिकामा डबा. डोके म्हणजे उपडे घातलेले पातेले. हात मोडक्या छत्रीच्या काड्यांचे आणि डोळे म्हणजे बाटलीची दोन निळी झाकणे. तुम्ही जवळ गेलात की ते तुमच्याकडे वळतात, मान हलवतात आणि एक हात वर करतात. बोलत मात्र नाहीत. त्यांना तोंड नाही, आणि ते मी मुद्दामच बसवलेले नाही. पातेले आमच्या घरातले आहे. त्याबद्दल घरात अजून बोलणे चालू आहे.

हे गृहस्थ म्हणजे आमचे रोबोट, डबूराव. हे नाव मुलांनी ठेवले. मी 'संवादमित्र' असे सुचवले होते. ते कोणी ऐकले नाही.

मी शिक्षक. निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली, पण सकाळी साडेदहा वाजले की पाय आपोआप शाळेकडे वळतात. शाळेच्या मुख्याध्यापिका माधुरीबाई भल्या आहेत. म्हाताऱ्या बैलाला बांधाजवळचा लहानसा तुकडा नांगरायला द्यावा तशी त्यांनी मला तिसरी दिली आहे. मुलांना शिकवताना घाई करू नये, त्यांना वेळ द्यावा, हे माझे ब्रीद. चौतीस वर्षांत माझ्या वर्गातून एकही मूल न बोलता पुढे गेलेले नाही, असे मी सगळ्यांना सांगत असे. फार वेळा सांगत असे. तेच नडले.

जूनमध्ये वरच्या पाड्यावरून लहानी नावाची मुलगी तिसरीत आली. दोन तासांची डोंगरवाट उतरून आली होती. तिची मावशी सुंदरा आमच्या शाळेत खिचडी शिजवते, तिच्याकडे राहणार होती. बाप धाकलू तिला दारात सोडून तसाच माघारी गेला, कारण राबात भात पेरायचे होते. लहानी उंबऱ्यात उभी. मी तिला प्रेमाने चार प्रश्न विचारले. नाव काय? कुठून आलीस? पाढे कितीपर्यंत येतात? आणि रडणार तर नाहीस ना? तिने माझ्याकडे बघितले, कोपऱ्यातल्या माठाकडे बघितले, पुन्हा माझ्याकडे बघितले आणि जाऊन मागच्या रांगेत बसली.

लाजते आहे बिचारी, मी म्हणालो. वेळ द्यावा.

वेळ दिला. जून गेला, जुलै गेला. गणपती आले आणि गेले. लहानी पाटीवर सगळे लिहायची, गणिते बरोबर सोडवायची, पण मी काही विचारले की भिंतीकडे बघायची. मी गोष्टी सांगितल्या, कोंबड्याचा आवाज काढला, एकदा टेबलाखाली जाऊन मांजर झालो. टेबलाखालून बाहेर काढायला माधुरीबाईंना बोलवावे लागले, कारण कमरेने ऐन वेळी दगा दिला. लहानीने ते सगळे लक्षपूर्वक पाहिले आणि काही बोलली नाही.

मग एकदा मी सुंदराला सहज म्हणालो की पोर फारच अबोल आहे. सुंदराने पळी तशीच पातेल्यावर धरली आणि मला नीट निरखले. म्हणाली, "अबोल? गुरुजी, ती घरी येवढी बोलतं का मी कानात कापूस घालतंय."

चौकशी केली तेव्हा कळले की लहानी मुलांशी बोलते, माधुरीबाईंशी बोलते, सुंदराच्या शेळीशी तर गोष्टीच्या गोष्टी बोलते. अख्ख्या गावात ती फक्त एका माणसाशी बोलत नाही. तो माणूस कोण, हे मी इथे पुन्हा लिहीत नाही. लागले ते एकदाच पुरे.

भातकापणी झाल्यावर धाकलू आला. पोरीने गुरुजींना एक पाढा म्हणून दाखवला नाही, हे त्याच्या कानावर गेले होते. त्याने काही आवाज चढवला नाही. उलट मलाच समजावले, "गुरुजी, तुमचा दोष नाय. पन ती मास्तराशी बोलत नाय त् शिकंल कशी? डिसेंबरात नेतो तिला. घरी शेळ्या हायेत, त्यांच्याशी तरी बोलंल."

मी घाबरलो. तिसरीत एवढी हुशार मुलगी मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. घाबरलेला माणूस पटकन तारीख देतो. मीही दिली. डिसेंबरच्या शेवटी मुरबाडला विज्ञान प्रदर्शन आहे, तोपर्यंत थांब. त्या दिवशीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही तर खुशाल ने. धाकलू 'बरा' म्हणाला. त्या दिवशी तिच्या कपड्यांसाठी पिशवी घेऊनच येईन, असेही म्हणाला.

आता मी विचार केला. मुलगी मोठ्या माणसाच्या बोलण्याला बिचकत असेल, तर न बोलणाऱ्याशी तिची ओळख करून द्यावी. नाहीतरी माणूस तोंडाने बोलतो ते थोडेच. बाकीचे मानेने, भुवईने, हाताने, आणि कधी नुसते सरकून बसून. पाव्हण्याला 'बसा' म्हणायचे तर आपण बाकावर थोडे सरकतो. हे सगळे एखाद्या यंत्राला शिकवले तर? लहानी यंत्राशी खुणेने बोलेल, मग तोंडाने बोलेल, मग माझ्याशी बोलेल. कागदावर हे फार सुंदर दिसत होते. तीन बाण काढले होते मी.

यंत्राचे काम रोशनने केले. रोशन म्हणजे माझा जुना विद्यार्थी, मुरबाडला मोबाइल दुरुस्त करतो. त्याने खेळण्यातल्या गाडीच्या मोटरी आणल्या, आणि समोर कोणी आले की ओळखणारा एक बोटभर सेन्सर. सल्ल्याचे काम शेजारच्या काळूरामने केले. ते कोणी दिले नव्हते तरी केले. काळूराम एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्याचे म्हणणे, हावभाव म्हणजे काय ते या जगात फक्त कंडक्टरला कळते. कोण झोपल्याचे सोंग करतो, कोण पास घरी विसरला, सगळे तो मानेवरून सांगे. "गुरुजी, माणसाचा तोंड फास्ट गाडी, मान स्लो. खरा टाइम स्लो गाडीच सांगते," असे तो म्हणाला. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण तेव्हा मी वहीत लिहून घेतले.

पहिल्या दिवशी डबूरावांना फक्त होकाराची मान येत होती. कोणी समोर आले की ते दोनदा मान खाली घालत. मी त्यांना रात्रीपुरते घरच्या पडवीत ठेवले. सकाळी उठून बघतो तर माझी शिडी नाही. काळूराम पहाटेच येऊन पडवीत रीतसर विचारून गेला होता, "शिडी नेऊ का?" डबूरावांनी दोनदा मान हलवली होती. मी भांडायला गेलो तर तो म्हणाला, घरच्या माणसाने हो म्हटल्यावर मी काय करू? शिडी आजही त्याच्याकडे आहे. ती परत मागताना मी डबूरावांना कधी सोबत नेत नाही.

मग त्यांना शाळेच्या ओट्यावर उभे केले आणि हात वर करून स्वागत करायला शिकवले. रोशनने सेन्सर जरा लांबचे दिसेल असा लावला. इतके लांबचे, की रस्त्यावरून जाणारी गाडीही त्यात येई. पहिल्याच दिवशी जीप थांबली. मग दुसरी जीप. मग वैशाखऱ्याला कधीच न थांबणारी जलद गाडी डबूरावांचा हात बघून करकचून थांबली. ड्रायव्हर वाट बघत राहिला. डबूरावांनी मान हलवली. ड्रायव्हरने दार उघडले. डबूराव जागचे हलले नाहीत.

गावाला इतका आनंद गणपतीतही झाला नव्हता. जलद गाडी इथे थांबावी म्हणून काळूरामने नऊ अर्ज केले होते. आता रोज सकाळी सात-आठ माणसे ओट्याजवळ उभी राहू लागली आणि डबूरावांनी हात केला की आरामात गाडीत चढू लागली. मी सेन्सर जवळचा लावायला निघालो तर ग्रामस्थांच्या सह्यांचे निवेदन आले की, लोकहितासाठी हात आहे तसाच ठेवावा. दहा दिवसांनी एक सरकारी पाकीटही आले. वर लिहिले होते, 'श्री. डबूराव, वैशाखरे'. आत लिहिले होते की आपण हात दाखवून गाडी थांबवता व स्वतः बसत नाही, याचा सात दिवसांत खुलासा करावा. खुलासा मी लिहिला. सहीच्या जागी काय करावे ते न सुचून छत्रीच्या काडीचा ठसा उमटवला. आणि सेन्सर जवळचा लावून घेतला. त्या संध्याकाळी गावात माझ्याशी न बोलणाऱ्यांची संख्या एकावरून बरीच वर गेली.

प्रदर्शनाच्या अर्जाचेही असेच झाले. अर्जात एक रकाना होता, 'माध्यम'. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी. मी लिहिले, 'मान'. अर्ज घेऊन मुरबाडला गेलो. खिडकीतल्या बाबूंनी अर्ज वाचला. त्यांच्या तोंडात तंबाखूचा बार होता, त्यामुळे पुढचा अर्धा तास ते एक अक्षर बोलले नाहीत. एक भुवई वर केली, म्हणजे हे काय? हनुवटी डावीकडे नेली, म्हणजे तिकडच्या खिडकीत विचारा. तिकडून परत आलो तेव्हा डोळे मिटून मान मागे टाकली, म्हणजे मला ठाऊकच होते. शेवटी दोन बोटे दाखवली. दोन झेरॉक्स. मी थक्क झालो. आम्ही महिनाभर ज्यासाठी धडपडत होतो ते सगळे या गृहस्थांना उपजत येत होते. मी खिडकीशी उभा राहून वहीत तीन खुणा टिपून घेतल्या. 'मान' खोडून 'मराठी' लिहिले. नाहीतरी ती मान मराठीच होती.

या सगळ्यात लहानी कुठे होती? डबूरावांजवळ. पहिल्या दिवसापासून. मी लांबून बघत असे. माझ्याशी नाही, पण त्यांच्याशी तिचे काहीतरी चालू होते, आणि ते बहुतेक चुका काढणे होते. डबूरावांना आता 'ये' अशी खूणही येत होती, पण ते काड्यांचा पंजा उताणा करून हलवत. तिने एक दिवस त्यांचे मनगट धरून तळहात खाली फिरवला. बरोबरच होते. आपल्याकडे 'ये' म्हणताना पंजा खालीच असतो. डबूराव ज्याच्याकडे बघत त्याच्याकडे बघतच राहत. विहिरीवरून येणाऱ्या बायकांनी सुंदरामार्फत निरोप पाठवला की, तुमचा डबा टक लावून बघतो, त्याला जरा रीत शिकवा. रोशन म्हणाला, कोडमध्ये बदल करावा लागेल, आठवडा जाईल. दुसऱ्या दिवशी बघतो तर झाकणांच्या वर फणसाच्या दोन पानांच्या पापण्या दोऱ्याने बांधलेल्या. मान हलली की पापण्या खाली येत. डबूराव आता एकदा बघत आणि नजर खाली घालत. एकदम घरंदाज दिसू लागले.

मी लहानीला शाबासकी दिली आणि हळूच विचारले, हे कसे सुचले? तिने भिंतीकडे बघितले.

प्रदर्शनाचा दिवस आला. मी, डबूराव, लहानी, सुंदरा आणि न बोलावता काळूराम असे एसटीत चढलो. कंडक्टर नवा पोरगा होता. डबूरावांचे तिकीट किती, हा प्रश्न त्याला पडला. काळूरामने ताबा घेतला. लहानी हाफ, सुंदरा बाई म्हणून हाफ, गुरुजी पंच्याहत्तरच्या वर म्हणून फुकट, आणि डबूरावांचे वय दोन महिने, म्हणजे पाच वर्षांच्या आतले, तेही फुकट. पोराने सामानाचे तिकीट फाडायचे बघितले तर काळूराम म्हणाला, सामान मान हलवतं का? डबूरावांनी मान हलवली. पण या वेळी वेगळीच हलवली. टोकावड्याच्या खड्ड्यांत मानेचा नट ढिला झाला होता आणि पातेले हो आणि नाहीच्या मधे, डावी-उजवीकडे डुलू लागले होते. गाडीतल्या कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. शेजारच्या म्हातारीने उलट त्यांच्याशी मुरबाडपर्यंत गप्पा मारल्या.

सभागृहात धाकलू आधीच येऊन बसला होता. मांडीवर रिकामी पिशवी. चांगली मोठी, कपडे मावतील अशी. मी डबूरावांना टेबलावर असे उभे केले की ती पिशवी मला दिसू नये.

परीक्षक बाई दुपारी आमच्या टेबलापाशी पोचल्या. त्याआधी त्यांनी सव्वीस ज्वालामुखी पाहिले होते. घामाघूम झाल्या होत्या, पदराने वारा घेत होत्या. त्यांनी डबूरावांना विचारले, तू काय करतोस? डबूरावांनी मान डोलवली. हे हो आहे की नाही, बाईंनी मला विचारले. काळूराम मधेच म्हणाला, "बाई, तो आता पक्का इकडचा झाला." मी भाषण सुरू केले. संवाद म्हणजे काय, इथपासून. भुवईपर्यंत आलो होतो तेव्हा लक्षात आले की लहानी टेबलाजवळ नाही. धाकलू उठून उभा राहिला होता. मी भाषण थांबवले. मला वाटले, संपले.

लहानी दाराजवळच्या पाण्याच्या पिंपाकडून येत होती. हातात स्टीलचा तांब्या, काठोकाठ भरलेला. सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून चालत होती. तिने तो तांब्या डबूरावांच्या काड्यांच्या पंजात अडकवला. वजनाने हात हळूहळू खाली आला, थेट बाईंच्या समोर. डबूराव त्यांच्याकडे वळले, एकदा बघितले, पापण्या खाली घातल्या. मान डोलत होतीच.

बाईंनी वारा घेणे थांबवले. तांब्या घेतला, वरून धार धरून घटाघटा प्यायल्या. मग अर्धा उरलेला तांब्या लहानीपुढे धरला. "तूही पी. लांबून आलीस ना?"

लहानी प्यायली. आणि मग बोलायला लागली. पंजा खाली का, पापण्या कशाला, फणसाचीच पाने का, वडाची का नाहीत, नट ढिला आहे पण तसाच ठेवावा, हे सगळे तिने बाईंना एका दमात सांगितले. बाई लिहून घेत होत्या. मी आ वासून उभा होतो. एका अनोळखी बाईशी, पाच मिनिटांत.

मी धाकलूला बाजूला घेतले. चेहऱ्यावर हसू ठेवून विचारले, की बाबा, सगळ्या जगाशी बोलते, मग माझ्याशीच का नाही? धाकलूने डोके खाजवले. मग त्याने हळूच विचारले, "गुरुजी, पहिल्या दिशी ती चालून आलेली, तवा तुमी तिला पानी दिलेला का?"

मी आठवू लागलो. उंबरा आठवला. माठ आठवला. चार प्रश्न आठवले.

"आमच्या पाड्यावर चालून आलेल्या मानसाला पानी दिल्याबिगर काय इचारत नाय," धाकलू सांगत होता. "आन् कोनी इचारला, त् आपून बोलत नाय. माझी आय एकदा सोयऱ्यांकडं तीन दीस बोलली नव्हती. हिच्यात तिचाच गुन आलाय. पन मला वाटला तुमी दिला असंल. गुरुजी हायेत, म्हटला, दिलाच असंल."

मागे येऊन उभ्या राहिलेल्या सुंदरा आणि काळूराम यांनी माना खाली घातल्या. त्यांनाही वाटले होते, दिले असेल.

मुलांनो, माझ्या घरी पोस्टमन आला तरी मी आधी तांब्या पुढे करतो, मग पत्र घेतो. शिडी न्यायला आलेल्या काळूरामलासुद्धा पाणी विचारतो. पण शाळेत आलेल्या मुलाला आधी नाव विचारायचे, हे मी चौतीस वर्षे आणि वर अठरा वर्षे करत आलो होतो. मूल म्हणजे पाव्हणा, हे कधी डोक्यातच आले नाही. सहा महिने मी त्या पोरीला वेळ देत होतो, आणि ती मला.

मी डबूरावांच्या हातातून तांब्या काढला. दाराशी जाऊन विसळला, भरला आणि परत आलो. वाटेत थोडे पाणी सदऱ्यावर सांडले. लहानीसमोर उभा राहिलो, उजव्या हाताने तांब्या पुढे केला, डावा हात उजव्या कोपराला लावला. काही बोललो नाही. डबूरावांनी मला तेवढे शिकवले होते.

लहानीने माझ्याकडे बघितले. भिंतीकडे नाही. तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सगळा संपवला, सावकाश, मधे श्वास घेत. बाहीने तोंड पुसले. मग सरळ उभी राहिली, हात मागे बांधले आणि जूनमधल्या प्रश्नांची ओळीने उत्तरे दिली.

"लहानी. वरच्या पाड्याची. पाढं सतरापर्यंत, अठराचा अर्धा. आन् रडनार नाय."

धाकलूने हातातली पिशवी घडी घालून सुंदराच्या हातात दिली. 'कांद्यांना व्हईल,' म्हणाला.

लहानी मात्र तिथे थांबली नव्हती. ती तांब्या घेऊन पुन्हा दाराकडे गेली होती. भरून आणला, जीभ बाहेर काढून, थेंबही न सांडता, आणि माझ्यापुढे धरला. मी प्यायलो. शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत ती माझ्या गळ्याकडे बघत थांबली. मग तिने विचारले,

"आता सांगा. तुमचा नाव काय?"